तुलना आणि स्वल्पविराम

इंग्रजी चांगलें येणाऱ्या विद्यार्थ्याला इंग्रजीच्या परीक्षेंत अडविणारे प्रश्न बहुधा अवघड शब्दांचे नसतात. अवघड शब्द पाठ करतां येतो. आणि न आला तर तो येत नाहीं हें निदान कळतें तरी. खरी अडचण होते ती ज्या वाक्यांत एकही शब्द अपरिचित नाहीं, आणि तरीही चार पर्यायांपैकीं बरोबर कोणता हें ठरत नाहीं, अशा वाक्यांची. एका पर्यायांत स्वल्पविराम आहे, दुसऱ्यांत तो नाहीं. एकांत ‘दॅट ऑफ’ हे दोन शब्द अधिक आहेत, दुसऱ्यांतून ते गळले आहेत. चारही पर्याय मनांतल्या मनांत म्हणून पाहिले तरी कानाला सारखेच लागतात. विद्यार्थी वाक्य दोन-तीनदां वाचतो, जें बरें वाटतें त्यावर खूण करतो आणि पुढें जातो. गुण जातात ते येथें.

हे गुण थोडे नव्हेत. अमेरिकेंतील महाविद्यालयांत प्रवेश मिळावा म्हणून भारतांतील शहरांतलीं अनेक मुलें जी एस्. ए. टी. नांवाची परीक्षा देतात, ती प्रथम १९२६ सालीं घेण्यांत आली. पुढें जवळजवळ शतकभर कागदावर चाललेली ही परीक्षा आतां संगणकावर गेली आहे. अमेरिकेबाहेर २०२३ पासून आणि खुद्द अमेरिकेंत २०२४ पासून. तिच्या वाचन-लेखनाच्या विभागांत ६४ मिनिटांत ५४ प्रश्न सोडवावयाचे असतात, म्हणजे एका प्रश्नाला सव्वा मिनिटही मिळत नाहीं. आणि त्यांपैकीं सुमारें एक चतुर्थांश प्रश्न व्याकरणाचे व विरामचिन्हांचे असतात. व्यापारी शिक्षणासाठीं असलेल्या, १९५४ सालीं सुरू झालेल्या जीमॅट परीक्षेंत तर वाक्यशुद्धीचा एक स्वतंत्र प्रकारच होता, आणि सदोष तुलना हा त्यांतला ठरलेला सापळा होता. २०२३ च्या अखेरीस आलेल्या नव्या स्वरूपांत हा प्रकार काढून टाकण्यांत आला. तरी तुलनेची चूक परीक्षांतून नाहींशी झाली असें मात्र नाहीं. बँकांच्या आणि केंद्र सरकारच्या नोकऱ्यांसाठीं भारतांत ज्या परीक्षा होतात, त्यांत वाक्यांतील चूक ओळखा असे प्रश्न येतात, आणि तेथें ती भेटतेच.

वरवर पाहतां तुलना हा अर्थाचा विषय आणि स्वल्पविराम हा चिन्हाचा. परंतु परीक्षक या दोहोंतून एकच गोष्ट तपासीत असतो. ती ही, कीं वाक्याचे निरनिराळे भाग एकमेकांशीं नीट जोडले गेले आहेत किंवा नाहींत. आणि दोन्ही ठिकाणीं विद्यार्थ्याला फसविणारा एकच, तो म्हणजे त्याचा कान. त्यांतून तो कान मराठी बोलण्यावर घडलेला असला तर त्याच्या फसण्याला कांहीं विशिष्ट वळण असतें. तें वळण ओळखलें तर पुष्कळसें काम हलकें होतें.

प्रथम तुलना घेऊं. ‘दि क्लायमेट ऑफ पुणे इज ड्रायर दॅन मुंबई.’ हें वाक्य वाचून कोणाचाही गैरसमज होणार नाहीं. पुण्याची हवा मुंबईच्या हवेहून कोरडी आहे, हेंच सांगणाऱ्याला सांगावयाचें आहे आणि ऐकणाऱ्याला तें कळलेंही आहे. तथापि शब्दांकडे पाहिलें तर येथें एका बाजूला हवा आहे आणि दुसऱ्या बाजूला शहर. तराजूच्या एका पारड्यांत गूळ ठेवावा आणि दुसऱ्यांत दुकानदाराला बसवावें, तसा हा प्रकार झाला. परीक्षेला हवें असतें तें ‘दॅन दॅट ऑफ मुंबई’. यांतला ‘दॅट’ हा ‘क्लायमेट’ या शब्दाच्या जागीं उभा राहतो आणि दोन्ही पारड्यांत हवाच येते. ‘दॅन मुंबईज’ असें म्हटलें तरी चालतें, कारण त्या षष्ठीपुढें ‘क्लायमेट’ हा शब्द अध्याहृत आहे.

मराठी घरांत वाढलेल्या मुलाला ही चूक चूक म्हणून जाणवत नाहीं, याला सबळ कारण आहे. ‘पुण्याची हवा मुंबईपेक्षां कोरडी आहे’ हें निर्दोष मराठी आहे. कोणी शिक्षक त्यावर लाल रेघ ओढणार नाहीं, आणि ओढूंही नये. मराठीनें येथें ऐकणाऱ्याच्या समजुतीवर विसंबून एक शब्द वांचविला आहे. सर्वनामांच्या बाबतींत तर मराठींत भेद करण्याची सोयच उरत नाहीं. ‘त्याचें घर तिच्यापेक्षां मोठें आहे’ या वाक्यांत ‘तिच्यापेक्षां’ म्हणजे तिच्या शरीरापेक्षां कीं तिच्या घरापेक्षां, हें रूपावरून सांगतां येत नाहीं; तें केवळ व्यवहारज्ञानानें कळतें. इंग्रजींत ‘दॅन हर’ आणि ‘दॅन हर्ज’ हीं दोन निराळीं रूपें आहेत, आणि पहिलें वापरलें तर घर आणि बाई यांची तुलना होते. म्हणून शंका आली कीं मूळ नाम दुसऱ्या बाजूस पुन्हा उच्चारून पाहावें. ‘मुंबईच्या हवेपेक्षां’, ‘तिच्या घरापेक्षां’ असें म्हणतां येत असेल, तर इंग्रजी वाक्यांतही त्या नामाचा कोणी तरी प्रतिनिधि हजर असलाच पाहिजे.

हा प्रतिनिधि निवडतांना दोन ठिकाणीं पाय घसरतो. मूळ नाम अनेकवचनी असेल तर ‘दॅट’ चालत नाहीं, ‘दोज’ पाहिजे. नाम आणि प्रतिनिधि यांच्यामध्यें आठ-दहा शब्दांचें अंतर पडलें म्हणजे वचनाचा विसर पडतो, आणि प्रश्न रचणारा तें अंतर मुद्दाम पाडतो. दुसरी चूक अति सावध विद्यार्थ्याची. त्याला ‘दॅट ऑफ’ हवें हें पाठ असतें आणि षष्ठी चालते हेंही पाठ असतें. मग तो दोन्ही एकदम वापरून ‘दॅट ऑफ मुंबईज’ हा पर्याय निवडतो. म्हणजे मुंबईच्या हवेच्या हवेशीं तुलना झाली. परीक्षकानें असा पर्याय याच विद्यार्थ्यासाठीं ठेवलेला असतो.

तुलना नेहमीं ‘दॅन’नेंच होते असें नाहीं. ‘लाइक’ आणि ‘अनलाइक’ या शब्दांनीं आरंभ होणारीं वाक्यें अधिक फसवीं असतात, कारण त्यांत तुलनेची दुसरी बाजू आधीं येते आणि पहिली मागाहून. ‘अनलाइक दि नॉव्हेल्स ऑफ जेन ऑस्टेन, डिकन्स इज फुल ऑफ मायनर कॅरेक्टर्स.’ जेन ऑस्टेनच्या कादंबऱ्यांहून डिकन्स हा मनुष्य निराळा आहे, असा याचा अर्थ. हें कोणी नाकारणार नाहीं. परंतु सांगणाऱ्याला तें सांगावयाचें नव्हतें. ‘दोज ऑफ डिकन्स आर फुल’ असें केलें कीं कादंबऱ्यांसमोर कादंबऱ्या येतात. येथें एक खूण फार उपयोगी पडते. अशा वाक्यांत पहिला स्वल्पविराम जेथें असेल, त्याच्या लगेच पुढें जें नाम येतें, तेंच तुलनेंत उतरलेलें असतें. म्हणून स्वल्पविरामाच्या अलीकडे आणि पलीकडे अशीं दोन बोटें ठेवून दोन्ही नामें एका जातीचीं आहेत काय एवढेंच पाहावें. वाक्याचा उरलेला भाग वाचण्याचेंही कित्येकदां कारण पडत नाहीं.

तुलनेचा दुसरा नियम जुन्या पिढीला चांगला आठवत असेल. ‘कळसूबाई इज हायर दॅन एनी पीक इन महाराष्ट्र’ असें म्हटलें तर कळसूबाई हें महाराष्ट्रांतलेंच शिखर असल्यामुळें तें स्वतःहूनही उंच ठरतें. म्हणून ‘एनी अदर पीक’ म्हटलें पाहिजे. उलट ‘दॅन एनी पीक इन गोवा’ असें म्हणावयाचें असेल तर ‘अदर’ घातल्यास चूक होते, कारण मग कळसूबाई गोव्यांत जाऊन बसते. हा नियम भारतांतल्या कित्येक पिढ्यांनीं रेन आणि मार्टिन यांच्या व्याकरणांतून घोकला. त्या जोडींतला रेन हा मुंबई इलाख्याच्या शिक्षण खात्यांत नोकरीस होता, आणि इंग्लंडांत त्याचें नांव झालें तें व्याकरणकार म्हणून नव्हे, तर १९२४ सालीं निघालेल्या ‘बो जेस्त’ या साहसकथेचा लेखक म्हणून. असो. मराठींत या जागीं ‘इतर कोणत्याही’ म्हणण्याची चाल आहेच. पण बोलतांना ‘इतर’ गळतो, आणि तो गळल्याचें कोणाला जाणवतही नाहीं.

तिसरा प्रकार संदिग्धतेचा, आणि त्याचा संबंध परीक्षेपेक्षां संसाराशीं अधिक आहे. ‘ही लव्ह्ज क्रिकेट मोअर दॅन हिज वाइफ.’ त्याला बायकोपेक्षां क्रिकेट अधिक प्रिय आहे, कीं बायकोला क्रिकेट जितकें प्रिय आहे त्याहून त्याला तें अधिक प्रिय आहे? मराठींतही ‘त्याला बायकोपेक्षां क्रिकेट जास्त आवडतें’ असेंच म्हणतात, आणि दोन्ही अर्थ तितकेच संभवतात. इंग्रजींत शेवटीं ‘डझ’ एवढें एक क्रियापद ठेवलें कीं घरांत शांतता राहते. परीक्षेंत अशा वाक्याखालीं ‘डझ’ असलेला पर्याय दिसला तर तो फालतू शब्द समजून टाकून देऊं नये. त्यानेंच अर्थ निश्चित झालेला असतो.

दोहोंच्या तुलनेंत उत्तमदर्शक रूप वापरूं नये. मोजतां येणाऱ्या वस्तूंसाठीं ‘फ्यूअर’, न मोजतां येणाऱ्यांसाठीं ‘लेस’. ‘सीनियर’ आणि ‘ज्यूनियर’ यांच्यापुढें ‘दॅन’ न येतां ‘टू’ येतें. या गोष्टी शाळेंत शिकविलेल्या असतात आणि त्यांत समजण्यासारखें फारसें कांहीं नाहीं. त्या पाठ असाव्यात, एवढेंच.

आतां स्वल्पविराम. मराठी वाचकाच्या दृष्टीनें हें चिन्ह मूळचें घरचें नव्हे. मोडी दफ्तरांत तें नव्हतें. आधीं कागदावर आडवी रेघ ओढावयाची आणि तिच्याखालीं शब्द न तोडतां लिहीत जावयाचें, ही कारकुनांची पद्धत होती. वाक्य कोठें संपतें हें वाचणाऱ्यानें अर्थावरून ताडावयाचें. पोथ्यांत दंड असे, परंतु वाक्याच्या पोटांतले विराम दाखविण्याची व्यवस्था नव्हती. छापखान्याबरोबर इंग्रजी विरामचिन्हें आलीं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्याच्या सुमारास मेजर कँडी यांच्यासारख्या शिक्षणाधिकाऱ्यांच्या खटपटीनें तीं मराठी पुस्तकांत रुळलीं. मराठी भाषेची वाक्यरचना त्यापूर्वींच शेंकडों वर्षें या चिन्हांवांचून अर्थ उलगडीत आली होती. त्यामुळें तीं आलीं तरी त्यांच्यावर अर्थाचा फारसा भार पडला नाहीं. आजही शाळेंत मुलाला सांगतात तें एवढेंच, कीं वाचतांना जेथें थोडें थांबावयाचें तेथें स्वल्पविराम द्यावा.

इंग्रजींतही एके काळीं हाच दंडक होता. सतराव्या-अठराव्या शतकांतलीं इंग्रजी पुस्तकें पाहिलीं तर श्वास घेण्याच्या जागीं स्वल्पविराम पेरलेले दिसतात. पुढें मात्र तेथें विरामचिन्ह श्वासापासून सुटलें आणि वाक्यरचनेला बांधलें गेलें. परीक्षांचे प्रश्न सर्वस्वीं या दुसऱ्या मताचे आहेत. परीक्षेला वाचणाऱ्याच्या फुप्फुसांशीं कर्तव्य नाहीं.

म्हणून पहिली चूक होते ती लांब कर्त्याच्या पाठोपाठ. ‘दि लेटर्स रिटन बाय दि सोल्जर्स ड्युअरिंग दि फर्स्ट इयर ऑफ दि वॉर, आर नाऊ इन दि म्यूझियम.’ युद्धाच्या पहिल्या वर्षांत सैनिकांनीं लिहिलेलीं पत्रें आतां वस्तुसंग्रहालयांत आहेत, असा याचा अर्थ. ‘वॉर’ म्हणतां म्हणतां दम लागतो, आणि मोठ्यानें वाचणारा कोणीही तेथें क्षणभर थांबेल. पण पत्रें हा कर्ता आणि आहेत हें क्रियापद, यांच्यामध्यें एकटा स्वल्पविराम कधींही उभा राहूं शकत नाहीं. एक तर तेथें स्वल्पविराम मुळींच नको, नाहीं तर दोन हवेत. या दोनांचें काम कंसासारखें असतें. त्यांच्यामधला मजकूर उचलून बाजूला ठेवला तरी वाक्य आपल्या पायावर उभें राहिलें पाहिजे. कंस उघडून मिटविला नाहीं तर जसें दिसेल, तसाच हा एकटा स्वल्पविराम. परीक्षेंत जे स्वल्पविरामाचे प्रश्न येतात, त्यांपैकीं बरेचसे एवढ्या एका कसोटीवर सुटतात.

व्यक्तींच्या नांवांभोंवतींचे प्रश्न याच पोटांतले. ‘आर. के. नारायण, दि ऑथर ऑफ दि गाइड, लिव्ह्ड इन मैसूर.’ यांत मधला मजकूर काढला तरी नारायण मैसूरला राहत होते हें कायम राहतें. म्हणून दोन्हीं बाजूंस स्वल्पविराम. उलट ‘दि नॉव्हेलिस्ट आर. के. नारायण लिव्ह्ड इन मैसूर’ यांत नांव काढलें तर ‘दि नॉव्हेलिस्ट’ एवढेंच उरतें, आणि कोणता कादंबरीकार हें कळत नाहीं. म्हणून तेथें एकही स्वल्पविराम नको. नांव दिसलें कीं त्याच्याभोंवतीं स्वल्पविरामाचें कुंपण घालण्याची संवय ज्यांना आहे, त्यांनीं हा भेद डोळ्यांपुढें ठेवावा.

यापेक्षां महत्त्वाचा आहे तो संबंधी वाक्याचा प्रश्न, कारण तेथें स्वल्पविरामानें अर्थ उलटतो. ‘दि पॅसेंजर्स हू हॅड नो टिकेट्स वेअर फाइन्ड.’ स्वल्पविराम नसतांना याचा अर्थ असा, कीं ज्या प्रवाशांजवळ तिकिटें नव्हतीं त्यांनाच दंड झाला. बाकीचे सुखरूप घरीं गेले. आतां ‘पॅसेंजर्स’च्या पुढें एक आणि ‘टिकेट्स’च्या पुढें एक असे दोन स्वल्पविराम द्यावे. अर्थ होतो तो असा, कीं प्रवाशांना दंड झाला आणि जातां जातां सांगावयाचें तर त्यांच्यापैकीं कोणाजवळच तिकीट नव्हतें. दोन टिकल्यांनीं सगळी गाडी गुन्हेगार ठरली. मराठींत असा प्रसंग येत नाहीं. ‘ज्या प्रवाशांजवळ... त्यांना’ ही जोडी योजली कीं पहिला अर्थ पक्का होतो. दुसरा सांगावयाचा असेल तर मराठी माणूस वाक्यच निराळें करतो. मराठीनें जें काम शब्दांवर सोंपविलें तें इंग्रजीनें चिन्हावर सोंपविलें आहे. चिन्ह म्हणजे केवळ वाचण्याची सोय, अशा समजुतींत वाढलेला विद्यार्थी म्हणूनच येथें बेसावध सांपडतो.

चिन्हावर केवढा भार असूं शकतो याचें एक उदाहरण अमेरिकेंतील मेन या संस्थानांत घडलें. जादा कामाचें वाढीव वेतन कोणत्या कामांना द्यावयाचें नाहीं याची एक यादी तेथील कायद्यांत होती. नाशवंत अन्नपदार्थ डबाबंद करणें, गोठविणें, सांठविणें अशीं कामें सांगून शेवटीं ‘पॅकिंग फॉर शिपमेंट ऑर डिस्ट्रिब्यूशन’ असें म्हटलें होतें, आणि ‘शिपमेंट’च्या पुढें स्वल्पविराम नव्हता. एका दूध-व्यवसायी कंपनीच्या गाडीवाल्यांनीं दावा लावला. त्यांचें म्हणणें असें कीं, येथें काम एकच आहे, बांधाबांध करणें. मग ती रवानगीसाठीं असो वा वांटपासाठीं. आम्ही माल वांटतों, बांधीत नाहीं. म्हणून ही सूट आम्हांस लागू नाहीं. स्वल्पविराम असता तर वांटप हें स्वतंत्र काम ठरलें असतें. २०१७ सालीं अपील न्यायालयानें कायदा संदिग्ध आहे असें म्हणून गाडीवाल्यांच्या बाजूनें कौल दिला, आणि २०१८ सालीं ५० लक्ष डॉलरांवर तडजोड झाली. मेनच्या विधिमंडळानें पुढें त्या यादींत स्वल्पविरामांऐवजीं अर्धविराम घातले. यादींतील शेवटच्या ‘अँड’ किंवा ‘ऑर’ च्या आधीं स्वल्पविराम द्यावा कीं न द्यावा, यावर इंग्रजी लेखकांत दोन तट आहेत, एस्. ए. टी.च्या उताऱ्यांत तो दिलेला असतो, आणि परीक्षार्थ्यानें तोच परिपाठ धरावा हें बरें.

मराठीच्या संवयीमुळें होणाऱ्या आणखी दोन चुका आहेत. ‘पाऊस थांबला, सामना सुरू झाला’ हें मराठींत सुंदर वाक्य आहे. ‘दि रेन स्टॉप्ड, दि मॅच बिगॅन’ हें मात्र परीक्षेंत चूक धरतात, कारण दोन स्वतंत्र वाक्यें नुसत्या स्वल्पविरामानें जोडण्याची मुभा नाहीं. तेथें पूर्णविराम हवा, अर्धविराम हवा, अथवा स्वल्पविरामासह ‘अँड’सारखें अव्यय हवें. आणि ‘हाऊएव्हर’ हें असें अव्यय नव्हे. मराठींत ‘पण’, ‘परंतु’, ‘मात्र’ हे शब्द एकाच माळेचे मणी वाटतात, म्हणून ‘बट’ जेथें चालतें तेथें ‘हाऊएव्हर’ चालावें अशी समजूत होते. ‘दि रेन स्टॉप्ड, हाऊएव्हर, दि मॅच डिड नॉट बिगिन’ यांत तो शब्द दोन वाक्यांच्या मधोमध लोंबकळत राहतो. ‘स्टॉप्ड’ च्या पुढें अर्धविराम दिला म्हणजे तो दुसऱ्या वाक्याचा होतो आणि प्रश्न मिटतो. दुसरी चूक ‘कीं’ची. ‘त्यानें सांगितलें कीं,’ असें लिहून स्वल्पविराम देण्याची मराठी छापखान्यांची जुनी रीत आहे. तीच इंग्रजींत नेऊन ‘ही सेड दॅट’ च्या पुढें स्वल्पविराम ठेवला जातो. इंग्रजींत त्याला तेथें जागा नाहीं. तसाच तो ‘दॅन’ च्या अलीकडेही सहसा नको; तुलना कितीही लांब असली आणि कितीही दम लागला तरी तिच्या दोन बाजूंमध्यें नुसता थांबण्यासाठीं म्हणून स्वल्पविराम येत नाहीं.

पर्यायांकडे पाहण्याची एक युक्ति येथें सांगण्यासारखी आहे, जरी ती व्याकरणाची नसून परीक्षेचीच आहे. एका पर्यायांत पूर्णविराम आहे, दुसऱ्यांत अर्धविराम आहे आणि बाकीचे शब्द तेच आहेत, असें दिसलें तर दोन्ही बहुधा बाद समजावे. दोन्हीं चिन्हांचें काम त्या जागीं एकच असतें, आणि बरोबर उत्तर तर एकच असावयाचें.

या सर्व नियमांविरुद्ध एक रास्त आक्षेप घेतां येतो. नामांकित इंग्रजी लेखकांच्या पुस्तकांत ‘दॅट ऑफ’ गाळलेलीं वाक्यें सांपडतात, आणि नुसत्या स्वल्पविरामानें जोडलेलीं वाक्येंही सांपडतात. हा आक्षेप खरा आहे. परीक्षेचें इंग्रजी हें चालू इंग्रजीपेक्षां अधिक सोंवळें आहे, आणि त्या सोंवळ्याचा जाच इंग्रजी ही घरची भाषा असलेल्या मुलालाही होतो. किंबहुना त्याला थोडा अधिकच होतो, कारण त्याचा आपल्या कानावर पूर्ण भरंवसा असतो. नियमानें इंग्रजी शिकलेल्या परक्या मुलाची येथें, क्वचित् कां होईना, सरशी होऊं शकते. मात्र त्यासाठीं त्यानें वाक्य ऐकणें सोडून तें उलगडावयास शिकलें पाहिजे. आधीं क्रियापद शोधावें, मग त्याचा कर्ता शोधावा, आणि मग मधलें काय उचलतां येतें तें पाहावें.

हें उलगडणें तुलना आणि स्वल्पविराम या दोहोंना एकदम कसें लागू पडतें, हें दाखविणारें एक वाक्य जीमॅटच्या जुन्या अभ्यासक्रमांत निरनिराळ्या वेषांत भेटत असे. ‘दि फोर्ट इज अॅज ओल्ड, इफ नॉट ओल्डर दॅन, दि टेम्पल.’ किल्ला देवळाइतका जुना आहे, कदाचित् अधिकच, असें म्हणावयाचें आहे. कानाला यांत कांहीं खटकत नाहीं. आतां दोन स्वल्पविरामांमधला मजकूर उचलून बाजूला ठेवावा. उरतें तें ‘दि फोर्ट इज अॅज ओल्ड दि टेम्पल’. येथें लगेच दिसतें, कीं ‘ओल्ड’ च्या पुढचा दुसरा ‘अॅज’ गहाळ झाला आहे. ‘दॅन’ मध्यें आल्यामुळें तो नसल्याचें लक्षांत आलें नव्हतें. शुद्ध वाक्य ‘दि फोर्ट इज अॅज ओल्ड अॅज, इफ नॉट ओल्डर दॅन, दि टेम्पल’ असें होतें. परीक्षेच्या घाईंत ‘अॅज’ हा शब्द दोनदां आलेला पाहून पुनरुक्ति झाली असें वाटतें, आणि नेमका हाच पर्याय खोडला जातो.